बारा दिवसांची पाहुणी

स्टोव्हवरचं पाणी खदखदायला लागलं तसा सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "टाक."

माझ्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात कांदा. सुपारीपेक्षा थोडा मोठा, दांडा-पानं कापून काढलेला, अंगावर तपकिरी पापुद्रा, खाली मिशांसारखी मुळं. वाफ माझ्या मनगटाला लागत होती.

"टाक ना, राऊत. बघत काय बसलीस?"

कंदवर्गातली झाडं दाबून वाळवायची म्हणजे आमच्या धंद्यातली मोठी कटकट. पान वाळतं, फूल वाळतं, कांदा काही मरत नाही. दोन फळ्यांमध्ये वर्तमानपत्रांच्या घड्या घालून, वर पट्टे आवळून त्याला महिनाभर दाबला तरी तो आत गुपचूप जिवंत राहतो. म्हणून आधी त्याला उकळत्या पाण्यात बुडवून मारायचा, मग दाबायचा, मग जाड कागदावर चिकटवून हर्बेरियमच्या कपाटात ठेवायचा. मी स्वतः असे तीसचाळीस कांदे मारले असतील. कधी विचार करावा लागला नव्हता.

हा नऊ दिवस फळ्यांत होता. सर पुण्याला गेले होते म्हणून तो तसाच राहिला होता. सकाळी घडी उघडली तर त्याने हिरवट कोंब काढून वर्तमानपत्राला भोक पाडलेलं.

"थेट अग्रलेखातून वर आलाय!" सर सकाळपासून चारदा हसले होते. सरांना इतकं हसताना मी पहिल्यांदा बघत होते.

कारण हा कांदा साधा नव्हता. फुलं, पानं, दांडा सगळं तपासून झालं होतं. अशी वनस्पती कुठल्याच ग्रंथात नव्हती. माझ्या पीएच.डी.चा तो सगळ्यात मोठा भाग होणार होता. आणि सर पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होणार होते. तीस वर्षं ते सह्याद्री पायांखाली घालत हिंडले, पण त्यांच्या नावाचं एक पानसुद्धा जगात नव्हतं. मीच म्हटलं होतं, "सर, हिला तुमचं नाव देऊ." त्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले होते, "आडनाव नको. द्यायचंच तर मुकुंद दे. आईने ठेवलेलं."

"सर, चित्र अजून राहिलंय," मी म्हटलं.

"कालपर्यंत काय करत होतीस?"

तेवढ्यात खिडकीजवळच्या टेबलावरून आयलाबाई बोलल्या. त्या फिनलंडच्या. वय सहासष्ट, उंच, पांढरे केस पोरीसारखे दोन पिनांत अडकवलेले. नवी वनस्पती जाहीर करायची तर तिचं वर्णन तेव्हा लॅटिनमध्येच लिहावं लागे, आणि ते लिहिण्यात बाईंचा हात धरणारं फार कुणी नव्हतं. तीन आठवड्यांसाठी त्या आमच्या कॉलेजात आल्या होत्या. बोलणं अर्थात इंग्रजीत, थांबत थांबत.

"प्रोफेसर, उकळल्यावर पापुद्र्याचा रंग जातो. मला रंग लिहायचाय. शनिवारपर्यंत थांबा."

सरांनी स्टोव्हची चावी फिरवली. ज्योत फुस्स करून विझली.

"शनिवारी मात्र सबब नको," ते म्हणाले आणि तासाला निघून गेले.

मी चिमटा खाली ठेवला. आयलाबाई माझ्या हाताकडे बघत होत्या.

"तुला चित्र काढायचं नाही," त्या म्हणाल्या. "तीन दिवसांपूर्वीच काढून झालंय. मी पाहिलंय. मग काय आहे?"

*

काय होतं ते सांगायला मला दुपार उजाडली. गेस्टहाउसच्या ओट्यावर आम्ही दोघी बसलो होतो. समोर भाद्रपदाचं ऊन, कुंपणावर तेरड्याची गर्दी. कांदा मी रुमालात बांधून आणला होता. का आणला ते माझं मलाच कळत नव्हतं.

करवंदवाडी नावाचा ठाकरांचा पाडा आहे, घाटाच्या अगदी पायाशी. पाड्याच्या वर एक कातळ आहे. त्या कातळाच्या बेचक्यात मला ते झाड दिसलं होतं. वीतभर दांडा, त्यावर पाच पांढरी फुलं, प्रत्येकाच्या गळ्यात निळसर रेघ. मी पिशवीतून खुरपं काढलं आणि खाली वाकले.

"हात लावू नको गं पोरी! तिला आवतण नाय!"

खालून एक म्हातारी धावत येत होती. डोक्यावर मोळी होती, ती तिने वाटेतच टाकून दिली. सोमीबाय मेंगाळ तिचं नाव. पाड्यावरच्या बाळंतपणाला तीच लागे.

ती धापा टाकत कातळावर बसली. "लोखंड लावतात व्हय तिला? आन् आवतणाबिगर? तू काय चोर हायेस?"

मग तिने मला रीत सांगितली. ज्या घरी बाळ जन्मलं त्या घराने या बाईला पाहुणी म्हणून न्यायची. 'बाई'च म्हणायचं, तिचं दुसरं नाव सोमीने मला कधीच सांगितलं नाही. आदल्या संध्याकाळी जाऊन हळद लावलेले पाच तांदूळ तिच्यापुढे ठेवायचे आणि आवतण द्यायचं. सकाळी खैराच्या काडीने उकरून, सुपात तांदळाच्या मुठीवर बसवून घरी न्यायची. बाळंतिणीच्या उशाशी ती बारा दिवस बसते. बाराव्या दिवशी तिला परत तिच्या खळग्यात आणून लावायची.

"ती काय करते उशाशी बसून?" मी विचारलं होतं.

"करती काय? बसती. तुझ्या घरी आत्या आली तं काय करती? बसती. तेवढं पुरं असतंय."

"आणखी कुठे कुठे आहे ही?"

सोमीने मान हलवली. "पैल्यांदा नऊ व्हत्या. नेली तशी परत आनली नाय लोकांनी. कुनी विकली, कुनी विसारली. आता येकलीच हाय."

एकटीच. आणि मला ती मुळासकट हवी होती.

"तुला कशाला पायजे?" सोमीने विचारलं. "कुनाचं बाळंतपण हाय?"

मी एका क्षणात म्हटलं, "माझ्या बहिणीचं. काल झाली."

मला बहीण नाही.

सोमी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माझी नातसून भरल्या दिसांची हाय. आवसेच्या आसपास व्हईल. त्याच्या आदी आन म्हंजी झालं. बारा दिस, बरं का. तेरावा नाय."

त्या संध्याकाळी मी तिच्यासोबत पुन्हा कातळावर गेले. तिने तांदूळ ठेवले, पदर डोक्यावर घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाली:

उठ गं माझे बाई, चल पाहुणी घरा
सुपात तांदूळ तुला, वर पदराचा वारा
बारा दिसांनी तुझी माती, तुझा थारा

सकाळी तिने काडीने उकरून ती माझ्या ओंजळीत दिली. पाड्याबाहेर आल्यावर मी तिची मुळं झटकली आणि तिला वर्तमानपत्रात घालून पट्टे आवळले.

*

आयलाबाईंनी मला मध्ये एकदाही थांबवलं नाही. सगळं झाल्यावर त्यांनी फक्त त्या तीन ओळी पुन्हा म्हणायला लावल्या. मला जमेल तसा अर्थ सांगितला.

"म्हणजे ती हाक मारते," त्या म्हणाल्या. "कांद्याला हाक मारते!" आणि एकदम हसल्या, तोंडावर हात ठेवून, शाळेतल्या पोरीसारख्या. "लॅटिनमध्ये कंद म्हणजे बुल्बुस. त्याची षष्ठी बुल्बी. चाळीस वर्षांत हजारदा लिहिली असेल मी: कंदाचा रंग, कंदाची साल, कंदाची मुळं. संबोधनही आहे, बुल्बे. हे कंदा! व्याकरणाच्या तक्त्यात असतं, पण कधी कुणाला लागलेलं नाही. कंदाला कोण हाक मारणार?"

त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि कांदा तळहातावर घेतला.

"आमच्या भाषेत याला सिपुली म्हणतात. हा शब्द आमचा नाही. मूळ लॅटिनच, पण बुल्बुसहून वेगळा, खायच्या कांद्याचा. रोमहून जर्मनांकडे, तिथून स्वीडनच्या बाजूने आमच्याकडे आला म्हणतात. किती शतकं चालत आला असेल कुणास ठाऊक. पण आमच्या मातीत पडला आणि त्याला आमची मुळं फुटली. सिपुलिन, कांद्याचा. सिपुलिस्सा, कांद्यात. सिपुलिस्ता, कांद्यातून. पंधरा विभक्त्या आहेत आमच्यात, तो सगळ्यांत चालतो. आता त्याला परका कोण म्हणेल?"

"आमच्यासारखंच की," मी म्हटलं. "आम्हीही शेपटीला जोडतो. कांद्याचा, कांद्यात, कांद्यातून."

"हो. लॅटिनमधल्यापेक्षा तुमचा कांदा आमच्या कांद्याला जवळचा वाटतो मला." कुंपणावर एक बुलबुल येऊन बसला, उडाला. "युद्धात आमचं गाव सीमेपलीकडे गेलं. घर सोडायला एक रात्र आणि घोड्याची एक घसरगाडी. आईने काय घेतलं माहीत आहे? चांदीचे चमचे नाही घेतले. पोथी नाही घेतली. एप्रनमध्ये बांधून बियाण्याचे कांदे घेतले. बाहेर बर्फ. ती ते पोटाशी धरून बसली होती, गोठू नयेत म्हणून. मी बावीस वर्षांची. मला लाज वाटत होती आईची. लोक काय म्हणतील, कांदे घेऊन निघाली."

"मग?"

"मग काय. नव्या गावात वसंतात लावले. त्याच कांद्यांचे कांदे माझ्या अंगणात आजही आहेत. आई गेली, गाव गेलं." त्यांनी कांदा परत रुमालात ठेवला, अगदी अलगद. "गाठ घट्ट बांधू नकोस. त्याला हवा लागते."

मी विचारलं, "आयलाबाई, मी काय करू?"

"ते मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "मी वर्णन लिहायला आले आहे."

पण शनिवारी सकाळी सहाला एस.टी. स्टँडवर त्या माझ्या आधी येऊन उभ्या होत्या. पायांत बूट, डोक्यावर गवताची टोपी, हातात माझ्यासाठी केळी.

"मला ती हाक ऐकायची आहे," एवढंच म्हणाल्या.

*

बारावा दिवस होता. ओढ्याचं पाणी ओसरलं होतं तरी घोट्याला ओढ लागत होती. आयलाबाईंनी बूट गळ्यात अडकवले आणि माझा हात धरून ओढा ओलांडला. वाटभर मी मनात वाक्यं जुळवत होते. बहीण बरी आहे. मुलगी झाली. गोरी आहे. प्रत्येक वाक्य तोंडात आलं की चिकट वाटे. सरांचं काय, हा विचार तर मी मनाच्या दारातच अडवून ठेवला होता. ते साडेदहाला प्रयोगशाळेत येणार, स्टोव्ह पेटवणार.

सोमीबाय झोपडीच्या दारात नाचणी पाखडत बसली होती. आत नातसून भिंतीला टेकून बसलेली, पोट एवढं की तिने त्यावर हात ठेवून विसावा घेतला होता. मला बघताच सोमीने सूप खाली ठेवलं.

"आनलीस?"

मी रुमाल सोडला. सोमीने कांदा घेतला, उलटा-पालटा करून पाहिला, मुळांवरून अंगठा फिरवला. कोंबाला वर्तमानपत्राची एक बारीक चिंधी अजून चिकटून होती. त्यावर अर्धं अक्षर दिसत होतं. तिने ती नखाने काढली.

"सुपात नाय बसवली व्हतीस," ती म्हणाली.

"नाही."

"दाबली व्हतीस."

"हो."

"ही गोरी कोन?"

"पाहुणी आहे. लांबची."

"मंग तिला बसाया दे. उभी काय ठेवलीस!" सोमीने घोंगडी पसरली आणि आयलाबाईंच्या दंडाला धरून त्यांना बसवलं. नातसुनेला म्हणाली, "आगं, पानी दे. लांबचं मानूस हाय." मग माझ्याकडे वळली. "चल वर. ऊन चढायच्या आत लावाया पायजे."

आयलाबाईही आमच्या मागोमाग वर आल्या. कातळावर खळगा तसाच होता. त्यात बारा दिवस कुणी पाचोळासुद्धा पडू दिला नव्हता. सोमीने दोन ओंजळी माती बाजूला केली, तांदळाचे पाच दाणे खाली टाकले. कांदा हातात धरून ती थांबली.

"नाव सांग."

"कसलं नाव?"

"बाळाचं. ज्या बाळापायी ती गेली व्हती त्याचं नाव घेऊन तिला आत घालायची असती. नायतर मातीला कळंल कसं, ही कुठून आली?"

माझ्या ओठांवर एक नाव आलंही होतं. वाटेत जुळवलेलं, गोऱ्या मुलीचं. सोमी वाट बघत होती. खाली झोपडीच्या दारात नातसून पोटाला हात लावून उभी होती आणि आमच्याकडे वर बघत होती.

"आजी," मी म्हटलं, "बाळ नाहीच. मला बहीणच नाही. मी खोटं बोलले."

"ठाव हाय," सोमी म्हणाली.

"काय?"

"बाळंतिणीच्या घरचं मानूस वासानं कळतंय, पोरी. शेपाचा वास, धुरीचा वास. तुज्या अंगाला साबनाचा वास येत व्हता."

"मग दिलीत कशाला? एकटीच उरलेली. घरात नातसून अशी..."

"मागितल्यावर नाय म्हनू नये तिला. ज्या घरानं नाय म्हटलं त्या घरात ती ऱ्हात नाय. आवतण तं झालं व्हतं. मंग तिनं जायाचं आन् तू आनायचं." तिने खांदे उडवले. "बारा दिस झोप नाय लागली मला, ते येगळं."

मला रडू आलं. आयलाबाईंना शब्द कळले नव्हते तरी त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

"रडतीस काय? नाव सांग. बाळ नसंल तं नसू दे. कुनापायी नेली व्हतीस? कुनाला पायजे व्हती?"

मला हवी होती. माझ्या डिग्रीसाठी. 'हेमलता' असं माझंच नाव जिभेवर आलं आणि थांबलं. माझ्या डोळ्यांपुढे स्टोव्ह आला. त्याच्यापाशी उभे असलेले सर आले. खिडकीबाहेर बघत म्हणालेले, आईने ठेवलेलं.

"मुकुंद," मी म्हटलं.

"मुकुंद," सोमीने चाखून बघावं तसं म्हटलं. "ग्वाड हाय. केवढं हाय?"

"एकोणसाठ वर्षांचं."

सोमीच्या तोंडात तीनच दात होते. ते तिन्ही दिसेपर्यंत ती हसली. "मोठंच बाळ हाय की गं!" हसता हसता तिला ठसका लागला. मग पदर डोक्यावर घेतला, कांदा खळग्यात ठेवला, आणि तिचा आवाज त्या संध्याकाळसारखा हलका झाला:

आली गं माझी बाई, घे माती पांघरून
कुणाच्या घरी गेलीस, ये नाव सांगून
तेवढ्याच हाकेनं जा पुन्हा रुजून

आणि खळग्यावर तोंड नेऊन तिने तीनदा हाक मारली. मोठ्याने नाही. दुपारी खेळायला गेलेल्या पोराला जेवायला बोलवावं तशी.

"मुकुंदाऽ... मुकुंदाऽ... मुकुंदाऽ..."

माती लोटून तिने वर हात फिरवला. आयलाबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनीही एक चिमूट माती वरून टाकली.

परतताना ओढ्यापाशी त्या म्हणाल्या, "प्रोफेसरांना काय सांगशील?"

"खरं."

"आणि मी काय लिहू? वर्णनात कंद लिहावाच लागतो." बूट पायांत घालताना त्या बराच वेळ एकाच नाडीशी खेळत राहिल्या. "चाळीस वर्षांत मी लॅटिनमध्ये एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाही, हेमलता."

*

सर स्टोव्हपाशी नव्हते. कपाटांच्या रांगेत शेवटच्या स्टुलावर बसले होते. मी शीट त्यांच्यापुढे ठेवली. जाड पांढऱ्या कागदावर दांडा, पाच फुलं, दोन पानं, सगळं नीट चिकटवलेलं. खाली, जिथे कांदा असायचा, तिथे कोरी जागा. कोपऱ्यात आयलाबाईंच्या बारीक अक्षरात लॅटिन वर्णन, आणि त्याच्या शेवटी तीन शब्द. बुल्बुस नॉन विसुस. कंद पाहिला नाही.

सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"कांदा, राऊत?"

"परत केला, सर."

"कुणाला?"

मी सांगितलं. खोटं बोलल्यापासून ओढ्यापर्यंत सगळं सांगितलं. नावाचं तेवढं नाही. ते सांगायला तोंड झालं नाही.

सर आयलाबाईंकडे बघून म्हणाले, "तुम्ही पाहिला नाहीत?"

"माझं वय झालंय, प्रोफेसर," आयलाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

मला वाटलं, सर ओरडतील. ते करवंदवाडीची वाट माझ्यापेक्षा चांगली ओळखत होते. सोमवारी उठून गेले असते तर एका खुरप्याचं काम होतं. त्यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं, तिथे काही लागतंय का बघावं तसं, आणि विचारलं, "त्या बेचक्यात दुपारी सावली येते?"

"येते, सर."

"मग जगेल," ते म्हणाले आणि शीट कपाटात ठेवायला उठले.

निबंध दोन ठिकाणी पाठवला, दोन्हीकडून परत आला. कंद असलेल्या वनस्पतीचं वर्णन कंदाशिवाय कसं मान्य करायचं, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं. माझी पीएच.डी. पुढे गवतांवर झाली, तीन वर्षं उशिरा. सर मार्चमध्ये नारळ आणि शाल घेऊन घरी गेले. त्यांच्या नावाचं पान झालं नाही. करवंदवाडीला त्या आवसेला सोमीच्या नातसुनेला मुलगा झाला, आणि बाई त्याच्या उशाशी बारा दिवस बसली, हे मला नंतर कळलं.

आयलाबाईंचं दर नाताळात पत्र येई. एका पत्राच्या शेवटी एकच शब्द होता: सिपुलित्ता. खाली अर्थ लिहिला होता. 'कांद्याविना. आमच्यात विनाचीसुद्धा वेगळी विभक्ती आहे. लोक फारशी वापरत नाहीत. मी मात्र तुमच्या त्या शीटला मनात याच नावाने ओळखते.'

*

सरांना मी शेवटचं भेटले ते बावीस वर्षांनी. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. त्यांच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. मुलगा त्यांना 'बाबा' म्हणे, सून 'बाबा' म्हणे, शेजारपाजार 'सर' म्हणत असे. ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते आणि कुंडीतल्या ओव्याचं पान बोटांनी चाचपत होते.

"कोण, राऊत? चपलांवरून ओळखलं. अजून एक पाय घासतेस."

मी करवंदवाडीहून येत होते. सोमीबाय कधीच गेली होती; त्या आवसेला जन्मलेला तिचा पणतू आता आवतण देत होता. कातळावर आता सात झाल्या होत्या. नेलेल्या परत येत होत्या, एवढंच कारण. मी ते सांगितलं तेव्हा सरांचा हात पानावर थांबला.

"सात," ते म्हणाले. "कुणी नाव दिलं का गं तिला अजून?"

"नाही, सर. पण त्या दिवशी एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती."

मग मी सांगितलं. नाव कसं विचारलं, मी कुणाचं सांगितलं, 'मोठंच बाळ हाय' म्हणून म्हातारी कशी हसली. सर ऐकत होते. त्यांचा चेहरा हर्बेरियमच्या त्या दुपारसारखाच दिसत होता, काही न कळू देणारा. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

"तीनदा?" त्यांनी विचारलं.

"तीनदा."

"कशी मारली हाक? म्हणजे, कशी म्हणाली ती?"

मला संकोच वाटला. पंचवीस वर्षं ज्यांना फक्त सर म्हटलं त्यांना कसं म्हणायचं. मग मी खुर्चीच्या जवळ वाकले आणि सोमीने खळग्यावर वाकून म्हटलं होतं तसं, हळू, शेवटचा स्वर लांबवत म्हटलं:

"मुकुंदाऽ..."

सरांनी मान वर केली. दिसत नसलेले डोळे आवाजाच्या दिशेने वळले आणि कुठल्याशा अंगणातून पळत आल्यासारखे ते म्हणाले,

"ओ."